तिसऱ्या मजल्यावरचा सॉकेट

स्क्रॅम्बलरची जाहिरात कुठलीही बघा, गाडी लडाखला असते नाहीतर स्पितीला. स्वार फूटपेगवर उभा, मागे धुळीचा लोट, पुढे बर्फाचे डोंगर. ती गाडी विकत घेणारा माणूस मात्र सोमवारी सकाळी कोथरूडहून हिंजवडीला नाहीतर भोसरीहून चाकणला जातो, आणि मंगळवारीही तिथेच जातो. वर्षातल्या एका सहलीकडे बघून गाडी निवडायची आणि उरलेलं वर्षभर तिच्याशी जुळवून घ्यायचं, ही आपली जुनी खोड आहे. म्हणून पेट्रोलची स्क्रॅम्बलर बरी की इलेक्ट्रिक, हा वाद लडाखला नेऊन सोडवायला माझा विरोध आहे. तो चाकणच्या तळेगाव चौकात सोडवा.

चाकण मुद्दाम म्हणतो. ट्रायम्फची स्क्रॅम्बलर 400 एक्स बजाजच्या चाकणच्याच कारखान्यात बनते. 2023 च्या ऑक्टोबरात ती बाजारात आली: 398 सीसी, 40 पीएस, वजन 185 किलो, टाकी 13 लिटरची. ज्या गावात गाडी तयार होते त्याच गावाच्या रहदारीत ती कशी चालते, हे बघण्याइतकी सरळ परीक्षा दुसरी नाही.

आधी एक गोष्ट मान्य करू. स्क्रॅम्बलरचा आकार आपल्या रस्त्यांना बेतून शिवल्यासारखा बसतो. या प्रकारच्या शर्यती इंग्लंडमध्ये सुरू झाल्या. 1924 साली सरे परगण्यातल्या केंबरलीला अशी एक शर्यत झाली होती. रस्ता नाही, दगडधोंडे, चिखल, चढउतार. पुढे लोकांनी साध्या रस्त्यावरच्याच गाड्या घेतल्या, जड सामान काढून टाकलं, हँडल रुंद केलं, सायलेन्सर दगड-पाण्यापासून वाचवायला वर चढवला आणि खाचांचे टायर घातले. त्या शरीराला आज आपल्याकडे शर्यतीची गरजच उरलेली नाही. पाइपलाइनसाठी खोदून नुसती माती लोटलेला पट्टा, रस्त्यापेक्षा चार बोटं खाली गेलेलं चेंबरचं झाकण, पट्टे न मारलेला स्पीडब्रेकर, पावसाळ्यात वाहून गेलेली खडी: कोथरूडपासून चाकणपर्यंत सगळं जागेवर हजर आहे. लांब पल्ल्याचं सस्पेन्शन आणि 19 इंची पुढचं चाक इथे चैनीत मोडत नाही. पाठीच्या मणक्यांसाठी केलेला तो खर्च आहे. तेव्हा प्रश्न एवढाच राहतो, की या शरीरात इंजिन घालायचं की मोटर.

संध्याकाळी सहाला तळेगाव चौकात उभे राहा. कंटेनर, कंपन्यांच्या बस, रिक्षा, आणि मधल्या फटींतून दुचाक्या. गाडी पाच फूट सरकते, थांबते, पुन्हा पाच फूट सरकते. पेट्रोलवर हे करायचं म्हणजे डाव्या हाताने क्लच अर्धा धरून ठेवायचा. पहिला, न्यूट्रल, पुन्हा पहिला. थोड्या वेळाने अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. मग रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवा थेट नडग्यांवर येते. सायलेन्सर उंच घेतलेल्या मोठ्या स्क्रॅम्बलरवर उजव्या मांडीला चटका बसतो, आणि मे महिन्यात तो जीन्समधूनही कळतो. पेट्रोल जळून जेवढी ऊर्जा मिळते तिचा साधारण पाव हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन निघून जाते. मांडीला लागणारी ती धग आपणच पंपावर रोख पैसे मोजून टाकीत भरून घेतलेली असते.

मोटरला यातलं काही नाही. क्लच नाही, न्यूट्रल शोधणं नाही. गाडी उभी असेल तेव्हा मोटर वीज खात नाही, आणि उजवी मूठ केसभर फिरवली की गाडी पाऊलभर सरकते. शून्य वेगालाच पूर्ण टॉर्क मिळतो, त्यामुळे स्पीडब्रेकरवर गाडी बंद पडण्याची भीती संपते. ज्याचा रोजचा दीड तास अशा गर्दीत जातो त्याच्यासाठी हा निकाल एकतर्फी आहे. पेट्रोल इथे हरतं, आणि मोठ्या फरकाने हरतं.

लगेच कोणीतरी म्हणतं, गाडीला जीव नाही, आवाज नाही. या आक्षेपाचा पहिला भाग मला पटतो. एका सिलिंडरचा ठोका ऐकून गिअर ओळखणं, मीटरकडे न बघता वेगाचा अंदाज येणं, यात स्वाराचं कसब असतं आणि त्याचा आनंदही खरा असतो. दुसऱ्या भागाला मात्र मुळीच सूट देऊ नये. रात्री साडेअकराला गल्लीतून फटफटत जाणाऱ्याचा आनंद सबंध गल्लीला ऐकावा लागतो, आणि तिथे कोणाची तरी परीक्षा असते, कोणाचं तरी तान्हं नुकतंच झोपलेलं असतं. पोलिसांना बदललेले सायलेन्सर जप्त करून रोड रोलरखाली घालावे लागतात, इतक्या थराला हे गेलं आहे. शांत गाडीचाही एक धोका आहे: रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांना ती येताना ऐकू येत नाही. त्यासाठी वेग कमी ठेवावा लागतो, आणि तो गल्लीत कमीच असायला हवा.

आता पैसे. शहरात स्क्रॅम्बलर 400 सारखी गाडी लिटरला पंचवीस ते तीस किलोमीटरचं ॲव्हरेज देते. त्याच ताकदीच्या जवळपास जाणारी इलेक्ट्रिक मोटरसायकल एका युनिटमध्ये साधारण तेवढीच जाते. आकडा तोच आहे, फक्त लिटरच्या जागी युनिट आलं. लिटर शंभर रुपयांच्या पुढे आहे. घरगुती वीज वरच्या स्लॅबमध्ये बारा रुपये युनिट धरा आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीजही धरा. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचा पेट्रोलचा खर्च साडेतीन हजारांच्या वर जातो, विजेचा पाचशेच्या आसपास राहतो. ऑइल नाही, क्लच प्लेटा नाहीत, एअर फिल्टर नाही. बॅटरी बदलायची वेळ आली की या बचतीचा मोठा हिस्सा एकदम जातो, हे विक्रेता सांगत नाही; ते धरूनही रोज लांब जाणाऱ्याला इलेक्ट्रिक परवडते. रोज जेमतेम आठ-दहा किलोमीटर जाणाऱ्याने मात्र बचतीच्या नावाखाली महाग गाडी घेऊ नये.

करानेही या वादात हात घातला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटरसायकलवर जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि 350 च्या वरच्या गाड्यांना 40 टक्के लागला. इलेक्ट्रिकला 5 टक्के आहे. म्हणजे 334 सीसीची येझदी स्क्रॅम्बलर एका बाजूला आणि 398 ची ट्रायम्फ दुसऱ्या बाजूला, मध्ये 64 सीसी आणि करात 22 टक्क्यांचा फरक. दोन्ही गाड्या त्याच खड्ड्यांतून, त्याच पगारातून जातात. धूर किती सोडला यावर कर लावला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. सिलिंडरच्या आकारावर अशी रेघ मारण्यात पर्यावरणही नाही आणि न्यायही नाही.

रेंज हा सगळ्यांचा आवडता विषय, आणि त्यावर बोलताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जाहिरातीतला आयडीसीचा, म्हणजे 'इंडियन ड्रायव्हिंग सायकल' या चाचणीचा, आकडा घ्या. ही चाचणी रोलरवर होते; तिच्यातला सर्वाधिक वेग ताशी 42 किलोमीटर आणि सरासरी 22 च्या आत. पुण्यात ज्या संस्थेच्या नावाने आख्खी टेकडी ओळखली जाते ती एआरएआय, आणि देशातल्या तशाच इतर संस्था, ठरलेल्या नियमाने हे प्रमाणपत्र देतात. त्यात खोटं काही नाही. खोटं असतं ते शोरूममध्ये तोच आकडा 'एवढी जाते' म्हणून सांगणं. नाशिक हायवेला सत्तर-ऐंशीने गेलात, की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि आकडा घसरतो. दोन तृतीयांश धरा, म्हणजे फसगत होणार नाही. कंपन्यांनी ताशी सत्तरच्या स्थिर वेगाला किती अंतर मिळतं, हे त्याच आकाराच्या अक्षरांत छापावं.

घाटाची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. सिंहगडाचा हिशोब करू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आणि गड 1,312 मीटरवर. म्हणजे साडेसातशे मीटरची चढण. गाडी आणि डबलसीट मिळून तीनशे किलो वजन एवढं वर न्यायला, शाळेतल्या भौतिकशास्त्राने, जेमतेम 0.6 युनिट ऊर्जा लागते. मोटरमधलं नुकसान धरून थोडी जास्त. चार युनिटच्या बॅटरीला हे काही जिवावरचं नाही, आणि उतरताना मोटर जनित्रासारखी फिरून त्यातला काही भाग परतही देते.

खरी गंमत उतारावर आहे, आणि ती कोणी समजावून सांगत नाही. पाचगणीला रात्री मुक्काम केला, गाडी शंभर टक्के चार्ज केली आणि सकाळी पसरणीच्या घाटातून वाईकडे निघालात. बॅटरी काठोकाठ भरलेली. उतारावर तयार होणारी वीज ठेवायला तिच्यात जागाच नाही. मग मोटरचा ब्रेक ढिला पडतो किंवा लागतच नाही, आणि सगळा भार पॅडवर येतो. पेट्रोलवाला दुसऱ्या गिअरला टाकतो आणि इंजिनच गाडीला आवरतं. उपाय सोपा आहे: घाटमाथ्यावर राहणाऱ्याने ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं. पण ही सूचना माहितीपुस्तिकेच्या आतल्या पानात पुरून न ठेवता चावी हातात देताना तोंडी सांगायला हवी. इथे चुकलं तर माणूस वळणाबाहेर जातो.

चिखलात मात्र मोटरचा गुण आणि दोष एकच. मुळशीकडे किंवा मावळात भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या ओल्या वाटेवर मूठ जरा जास्त फिरली, की मागचं चाक जागीच फिरतं. पेट्रोलवर क्लच थोडा सोडून, थोडा धरून चाकाला कुरवाळता येतं. डाव्या हाताला ते शहाणपण असतं. इलेक्ट्रिकमध्ये ते सॉफ्टवेअरने दिलं तर ठीक, नाहीतर मनगटाला नव्याने शिकावं लागतं. यावर खरा उतारा कमी वजन हा आहे, आणि इथे मला कंपन्यांवर राग आहे. आपल्याकडे इलेक्ट्रिक मोटरसायकल म्हटलं की पुढे वाकून बसायची, खाली टेकलेली, दीडशेच्या वेगाची भाषा करणारी गाडी पुढे येते. दीडशेने जायला रस्ता कुठे आहे? एक्स्प्रेसवेवर दुचाकीला मुळात बंदी. ज्या देशात खड्डा हा रस्त्याचा कायमचा भाग आहे तिथे पहिल्यांदा हलकी, उंच, लांब सस्पेन्शनची इलेक्ट्रिक गाडी यायला हवी होती.

ती येणार अशी चिन्हं आता दिसताहेत. बंगळूरच्या अल्ट्राव्हायोलेटने 2025 च्या मार्चमध्ये शॉकवेव्ह ही मातीकडे झुकलेली गाडी दाखवली, वजन 120 किलो सांगितलं. 185 च्या शेजारी हा आकडा ठेवा. पार्किंगच्या गर्दीतून गाडी मागे ओढून काढणाऱ्या पाच फूट दोन इंचाच्या मुलीला पासष्ट किलोचा फरक म्हणजे काय, ते विचारा. 400 एक्सची सीट जमिनीपासून 835 मिलिमीटरवर आहे. तिच्यावर दोन्ही पाय टेकणारी माणसं आपल्याकडे फार नाहीत. रॉयल एनफील्डनेही 2025 च्या नोव्हेंबरात मिलानच्या प्रदर्शनात फ्लाइंग फ्ली एस 6 ही थेट इलेक्ट्रिक स्क्रॅम्बलरच मांडली. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने टाकलेल्या 125 सीसीच्या छोट्या गाडीचं नाव त्यांनी तिला दिलं. तिची किंमत त्या नावाइतकी हलकी ठेवली, तरच ती चाकणला कामावर जाणाऱ्याच्या उपयोगाची.

एवढं सगळं धरून रोजच्या वापरात मी इलेक्ट्रिकच्या बाजूने आहे. आता तिची दोन मोठी दुखणी. दोन्ही गाडीच्या बाहेर आहेत.

पहिलं दुखणं सॉकेटचं. माणूस तिसऱ्या मजल्यावर राहतो, गाडी खाली उघड्या पार्किंगमध्ये. त्याचा मीटर खालीच मीटर-रूममध्ये, पार्किंगपासून पंधरा पावलांवर. वायरमन अर्ध्या दिवसात केसिंगमधून वायर ओढून, एमसीबी टाकून, पंधरा अँपिअरचा सॉकेट बसवून देईल. पाच अँपिअरच्या सॉकेटवरही चार युनिटची बॅटरी रात्री लावली की सकाळपर्यंत भरते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे, की घरी किंवा कचेरीत आपल्या असलेल्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. महाराष्ट्राच्या 2021 च्या धोरणानेही नव्या निवासी इमारतींत किमान वीस टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार असावं असं सांगितलं. आणि सोसायटीच्या सभेत काय होतं? 'उद्या सगळेच मागतील.' 'आग लागली तर?' 'पुढच्या जनरल बॉडीत ठेवू.' आगीची काळजी रास्त आहे; 2022 साली पुण्यासह देशात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, आणि त्यानंतरच बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस 156 चे नियम कडक झाले. मग नियमाप्रमाणे एमसीबी, अर्थिंग आणि जाड वायर मागा की! परवानगी नाकारली की माणूस खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडतो, आणि पावसात लोंबकळणारी ती वायर खरी आग लावते. नकार देणाऱ्या कमिटीने धोका कमी केलेला नसतो, वाढवलेला असतो.

रस्त्यावरच्या चार्जरचीही तीच कथा. चारचाकीचा प्लग वेगळा, दुचाकीत एका कंपनीचा एक, दुसरीचा दुसरा. 2023 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने हलक्या वाहनांसाठी एक प्लग मान्य केला, तो सक्तीचा मात्र केला नाही. पेट्रोल पंपावर बुलेटची नळी वेगळी आणि येझदीची वेगळी असती तर लोकांनी मोर्चा काढला असता.

दुसरं दुखणं दुरुस्तीचं, आणि मला ते जास्त गंभीर वाटतं. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला. त्याला तीन दशकं होत आली, आणि जुन्या येझदी आजही चालतात. कशामुळे? कारण कुठल्याही तालुक्याच्या गावी एखादा फिटर पिस्टन काढून, रिंगा बदलून, लेथवर बुश फिरवून गाडी उभी करतो. त्याला कंपनीची परवानगी लागत नाही. आता दुसरी बाजू बघा. स्वीडनच्या केक कंपनीची काल्क ही हलकी इलेक्ट्रिक गाडी जगभर वाखाणली गेली. 2024 च्या सुरुवातीला कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी इटलीची एनर्जिकाही बुडाली. कंपनी गेल्यावर कंट्रोलरचं सॉफ्टवेअर कोण देणार, बॅटरीतला एक सेल गेला तर पेटी उघडणार कोण? धातूची वस्तू कुठेही घडवता येते; कुलूप लावलेला प्रोग्रॅम घडवता येत नाही. पेट्रोलची गाडी आपल्याकडे टिकली आहे ती इंजिनाच्या श्रेष्ठपणावर नाही. चौकाचौकातल्या गॅरेजवाल्याने ती टिकवली आहे, आणि इलेक्ट्रिकच्या धोरणात त्या माणसाचा साधा उल्लेखही क्वचित सापडतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर'चं संकेतस्थळ उघडलं, त्यात वाहनांचाही समावेश केला. संकेतस्थळाने गाडी दुरुस्त होत नाही. सरकारी अनुदान किंवा करसवलत घेणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रिक कंपनीवर अट घाला: वायरिंगचे नकाशे, बिघाड ओळखण्याचं सॉफ्टवेअर आणि सुटे भाग स्वतंत्र गॅरेजला वाजवी दरात मिळालेच पाहिजेत, आणि कंपनी बंद पडली तर सॉफ्टवेअरचं कुलूप उघडं करून द्यायचं. आयटीआयच्या मेकॅनिक ट्रेडच्या मुलाला कार्बोरेटर जेवढा हाताळू देता तेवढीच बॅटरीची पेटीही हाताळू द्या, रबरी हातमोजे घालून, शिक्षकाच्या देखरेखीखाली.

हे होईपर्यंत माझा सल्ला सरळ आहे. शहरात राहत असाल, पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरचा सॉकेट असेल, सर्व्हिस सेंटर गावात असेल आणि रोजचं अंतर जाऊन-येऊन साठ-सत्तरच्या आत असेल, तर इलेक्ट्रिक घ्या आणि मनगट वाचवा. सॉकेट नसेल तर आधी सोसायटीचं परवानगीपत्र हातात घ्या, बुकिंगची रक्कम नंतर भरा. देगलूरला किंवा कणकवलीला राहत असाल आणि सर्व्हिस सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर आज पेट्रोलचीच घ्या, आणि 350 सीसीच्या आतली घ्या.